खडकांवरचे पांढरे पट्टे

१८ जून

डिझेलवाल्याने दिलेलं हे भरती-ओहोटीचं कॅलेंडर. पानांची मागची बाजू कोरी आहे, तिथे लिहिते. मला लिहिण्याची हौस नाही. शाळेत नऊ वर्षं नाव होतं, त्यातली निम्मी मी पाण्यात काढली, आईबरोबर आवाबी शिंपल्यांसाठी बुड्या मारत. पण आता लिहून ठेवायला हवं. नवऱ्याला, शिगेमित्सुला, तोंडावर विचारलं की तो म्हणतो, कधी, कुठे, कोण म्हणतं. तारीख दाखवली की नवरा गप्प बसेल.

तर आज तो मुकाई पुन्हा आला. सलग चौथा मंगळवार.

आमची बोट पहाटे गळवाल्यांना खडकांवर सोडते आणि दुपारी परत आणते. हिवाळ्यात मेजिना माशासाठी धक्क्यावर रांग लागते. उन्हाळ्यात खडक तव्यासारखे तापतात, मेजिनाच्या मांसाला शेवाळाचा वास मारतो. तेव्हा येतात ते इसाकी माशासाठी, तेही थोडेच. हा मुकाई मात्र म्हणतो, मला मेजिनाच हवा. उन्हाळ्यात मेजिना कोण मागतं? ज्याला मासा नकोच आहे तो.

त्याच्या गळाचा बोयासुद्धा बघितला मी. लिंबाएवढा, भडक नारिंगी. बाकीचे बोराएवढा लावतात, कारण उन्हाळ्यात मासा हलकेच तोंड लावतो आणि मोठा बोया हलतही नाही. एवढ्या बोयाने मासा मिळत नाही, हे आमच्या मांजरालाही कळेल. आणि बोलताना मान कोंबडीसारखी तिरकी करून बघतो. सरळ बघत नाही. सरळ न बघणारा माणूस मला आवडत नाही.

नुमाझू शहरातून येतो. पूर्वी बस चालवायचा म्हणे.

२५ जून

पुन्हा आला. आज बोटीच्या नाकावर उभा राहिला.

ती जागा सांकिचीची. सव्वीस वर्षं सांकिची नाकावर उभा राहून सामान उतरवायचा, हात वर करून इशारा द्यायचा. मार्चमध्ये त्याची पाठ गेली. मी म्हटलं दुसरा माणूस बघ, तर शिगे म्हणाला, बघतो. आता हा गिऱ्हाईक असून फुकट राबतो. फुकट कोण राबतं?

धक्क्यावरून ऐकू येतं. मुकाई ओरडतो, चार हात, दोन हात, टेकली. सांकिची तोंडातून अक्षर काढत नसे, आणि कोणी काढलं तर शिगे त्याची आई-बहीण काढायचा. आज मुकाई ओरडत होता आणि शिगे निमूट ऐकत होता. एकतीस वर्षांत माझं त्याने असं ऐकलेलं नाही.

मला वाटतं, याला बोट विकत घ्यायची आहे आणि शिगे त्याला शिकवतोय. माझ्या पाठीमागे.

२ जुलै

बोटीच्या डाव्या अंगाला हातभर लांब ओरखडा. शिगे म्हणतो, पाण्यात पिंप तरंगत होतं. मी म्हटलं पिंप तरंगतं तर दिसतं.

सकाळी सूपचा वाडगा कोपराने उडवला. डाव्याच. तिसऱ्यांदा. मी तोंडाचा वास घेतला. साकेचा नव्हता, पण वास न येणारंही काहीतरी पीत असतील माणसं.

मी फरशी पुसत होते तेव्हा म्हणाला, "तोमिए, ऐक ना जरा." मी म्हटलं आधी पाय उचल. त्याने पाय उचलले आणि बाहेर निघून गेला.

९ जुलै

आज एक माणूस पाण्यात पडला. एबोशी खडकावर उतरताना. मिशिमाचा पोटदुखरा शिक्षक, दरवर्षी येतो. बोट खडकाला टेकायच्या आधीच डावीकडे सरकली आणि त्याचा पाय बोट नि खडक यांच्या मधे गेला. मुकाईने त्याला जॅकेटला धरून वर ओढला. पाय वाचला, नडगी सोलली.

शिगेने सांगितलं, त्याच्या बुटांचे खिळे झिजलेले होते. शिक्षकही म्हणाला, हो, माझेच बूट जुने. मी बूट बघितले. खिळे चांगले होते.

म्हणजे मुकाईने ढकललं असणार. आमच्या बोटीचं नाव खराब केलं की बोट स्वस्तात मिळते. मी हे शिगेला बोलून दाखवलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ढकललं. मग म्हणाला, मुकाई नसता तर तो माणूस मेला असता. जेवला नाही. दाराशी बसून हात बघत राहिला.

पूर्वी असं काही झालं की तो शिव्या घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी विसरायचा.

१२ जुलै

नुमाझूला गेला. स्टेशनपर्यंत टेम्पोने जायचं सोडून बसने गेला. इंजिनाचा सुटा भाग आणायचा म्हणाला. संध्याकाळी परत आला तो काळा चष्मा लावून, सिनेमातल्या गुंडासारखा. मी चष्मा ओढला. डोळ्यांची बुबुळं सगळी काळी, मांजराच्या डोळ्यांसारखी मोठी. दिव्याकडे बघवेना.

सुटा भाग? मिळाला नाही म्हणे.

मी चाळिशीत असते तर बाईचा संशय घेतला असता. आता वाटतं याला कसली तरी नशा लावलीय त्या बसवाल्याने. उद्या त्याचं सामान तपासणार.

१३ जुलै

सापडली. गळांच्या डब्यात, कापसात गुंडाळलेली बाटली. करंगळीएवढी. लेबल खरवडून काढलेलं. टोकाला थेंब पडेल असं तोंड.

नशा नाही ही. मला ठाऊक आहे काय ते. मासे ओढायला आमिषात घालायचं अत्तर. शहरातले लोक असल्या बाटल्या घेऊन येतात, आणि आमच्याकडे कप्तानांमध्ये ती लाजेची गोष्ट समजतात. म्हणून लेबल खरवडलं. बावळटाला फसवलं मुकाईने.

गोठवलेला जवळा भुशात कालवत होते, त्यात दोन थेंब टाकून बघितले. काही वास नाही. कालवलेला चारा एका गिऱ्हाइकाला दिला. त्याला रोजच्याइतकेच मासे मिळाले. बाटली होती तशी ठेवली. संध्याकाळी शिगे डबा घेऊन मोरीत गेला आणि दार लावून घेतलं.

३० जुलै

आज मी मुद्दाम बर्फाच्या खोलीमागे थांबले. ते दोघे दोर गुंडाळत होते. शिगे म्हणाला, ओबोनला. तेव्हा समुद्रावर कुत्रंही नसतं. मुकाईने विचारलं, वहिनींना? शिगे म्हणाला, नको, ती बोलू देत नाही.

ती म्हणजे मी.

ओबोनचे चार दिवस आमच्या तानेउरा गावात कोणी पाण्यात गळ टाकत नाही. पूर्वज घरी आलेले असतात, त्या दिवसांत जीव घ्यायचा नाही. बोटी बांधलेल्या. बुडी मारणाऱ्या बायकाही घरी. माझ्या आईने ऐंशी वर्षांत हा नेम मोडला नाही. आणि नेमके हेच दिवस चोर धरतात. दोन वर्षांपूर्वी बाहेरच्यांनी ओबोनमध्ये आमच्या खडकांखालची आवाबी आणि शेवंडं गोणीने नेली होती.

आता कळलं मेजिना कशाला हवा होता. दर मंगळवारी वेगवेगळ्या खडकावर उभा राहून हा खालचं पाणी बघत होता.

१० ऑगस्ट

शिगेच्या कपड्यांवर पांढरा रंग. गुडघ्याला आणि बाहीला. घरात कुठेही पांढरा रंग दिलेला नाही. विचारलं तर म्हणाला, धक्क्याचा. धक्क्यावर जाऊन आले. धक्का निळा आहे.

खुणा करतायत. कुठल्या खडकाखाली माल आहे त्याच्या खुणा.

चोरी करायची तर माझ्या आईच्या जागेत. तिने तिथे उभं आयुष्य श्वास कोंडून काढलं. माझा उजवा कान तिथेच गेला.

१३ ऑगस्ट

पूर्वजांना वाट दिसावी म्हणून दारात जाळ केला. त्यांना यायला काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा केला, परत जायला वांग्याची गाय केली. शिगेच्या बापाला आवडायचं म्हणून कलिंगड कापलं. शिगेने उदबत्ती लावली ती वाटीत खोचताना तीनदा बाहेर गेली. देवळीसमोर बसून बराच वेळ पुटपुटत होता. काय बोलला कळलं नाही, माझा गेलेला कान तिकडचा.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "परवा जरा बोट धुवायला जाईन." मी म्हटलं जा. वर एवढंच म्हटलं की पूर्वज बघत असतात. तो म्हणाला, बघू देत, कोणाला तरी दिसू दे.

१५ ऑगस्ट

सकाळी आठला शिगे गेला. साडेआठला मी मच्छीमार संघाच्या देगुचीकडे गेले. देगुची संघाचा प्रमुख, माझ्या आतेभावाचा मेहुणा. त्याला सांगितलं की माझा नवरा आणि एक नुमाझूचा माणूस ओबोनमध्ये समुद्रावर गेलेत. नवऱ्याचं नाव मी आधी घेतलं, कोणी म्हणायला नको की मी झाकलं.

देगुचीने दोनदा विचारलं, तोमिए-सान, नक्की ना? मी म्हटलं, तारखा हव्यात का? कॅलेंडर पिशवीत होतं.

संघाच्या पहाऱ्याच्या बोटीने निघालो. मीही चढले, खडक दाखवायला. देगुची नको म्हणत होता.

तातामी खडकापाशी आमची बोट दिसली. गळ नाही, गोणी नाही, बुडीचा चष्मा लावून पाण्यात कोणी नाही. आमची बोट खडकाकडे जात होती, टेकत होती, मागे येत होती. पुन्हा जात होती. नाकावर मुकाई, सुकाणूवर शिगे. खडकाच्या डाव्या बाजूला वितभर रुंद पांढरा पट्टा रंगवलेला, ताजा. शिगे मान कोंबडीसारखी डावीकडे पुरती वळवून तो पट्टा शोधायचा, मग सरळ करायचा, मग पुन्हा वळवायचा. दोनदा बरोबर टेकली. तिसऱ्यांदा मान वळवायला विसरला आणि डावं अंग खडकावर घासलं. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

पहाऱ्याची बोट त्यांच्या डावीकडून जवळ गेली. दहा हातांवर. मी त्यांच्याकडच्याच काठाला बसले होते, डोक्याला पांढरा रुमाल, गावात असा माझाच एक. देगुचीने हाक मारली तेव्हा शिगे दचकला. आवाजाकडे वळला आणि देगुचीशी बोलायला लागला. मी तशीच बसले होते.

त्याने मला पाहिलं नाही.

मुकाईने पाहिलं. त्याने मान फिरवली, माझ्यावर नजर थांबली, आणि मग तो खाली बसून दोर गुंडाळायला लागला.

देगुचीने मला धक्क्याच्या अलीकडे उतरवलं, कोणी बघू नये म्हणून. उतरवताना म्हणाला, "चोर नाहीत ते. पण उद्यापासून त्याने गिऱ्हाईक बसवायचं नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी म्हटलं ठाऊक होतं. खोटं बोलले. एका घरात राहून ठाऊक नाही कसं म्हणायचं?

१७ ऑगस्ट

शिगेने मला अजून काही सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाला, संघाने बोट थांबवली, इंजिनाची तपासणी आहे. मीही म्हटलं असेल.

बाटली गळांच्या डब्यात आहे. मी ती दोन थेंब कमी केली. जवळ्यात.

१९ ऑगस्ट

आज सांगितलं. म्हणजे अर्धं. जेवताना म्हणाला, डोळे जरा दमलेत, डावीकडचं पुसट झालंय, औषध चालू आहे. मुकाईचंही असंच होऊन बस सुटली, त्याचं उजवं गेलंय. त्याने एबोशीला मी बोट कशी टेकवतो ते बघूनच ओळखलं. दोघं मिळून एक माणूस होतो असं मुकाई हसून म्हणायचा. उन्हाळा ढकलू, सराव करू, हिवाळ्याच्या आधी नवा माणूस सुकाणूला बघू, असं ठरलं होतं. नुमाझूच्या डॉक्टरकडे एकोणतीसला पुन्हा बोलावलंय, मुकाई नेणार होता. डॉक्टर म्हणाला, गेलेलं येत नाही, आहे ते राखायचं, तारीख चुकवू नका.

नेणार होता का, मी विचारलं.

तर चेहरा दगडासारखा. म्हणाला, "संघाला त्यानेच सांगितलं. दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हतं. माझ्या बोटीवर उभं राहून माझ्या पाठीत सुरी." त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जाणार नाही. एकटाही जाणार नाही. जे आहे ते जाऊ दे म्हणाला.

मी ताटं उचलली.

२० ऑगस्ट, मंगळवार

मुकाई आला. गळाची काठी नाही, हातात वाळवलेल्या माशांचं पुडकं. शिगे धक्क्यावरच होता. मी खिडकीतून बघत होते. शिगे काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण मुकाईने दोन्ही हात मांड्यांना लावून वाकून नमस्कार केला आणि वळला. पुडकं शिगेने घेतलं नाही.

मी मागच्या वाटेने धावले आणि बसथांब्यावर त्याला गाठलं. ऊन असं की डांबर चिकटत होतं. मला वाटलं आता हा माझं नाव घेईल. घ्यावं असंही वाटत होतं, म्हणजे माझं काम सोपं होईल. मी विचारलं, तुम्ही त्याला खरं का नाही सांगितलं?

मान वळवून, डाव्या डोळ्यात मला आणून म्हणाला, "त्याला बोट गेली, मित्र गेला. आणखी काय काय घालवायचं, वहिनी?"

मग औषधाची वेळ सांगितली. सकाळी सात, रात्री नऊ. थेंब टाकून डोळा मिटायचा आणि नाकाजवळ बोटाने दाबून धरायचं, नाहीतर वाया जातं. एकोणतीसला दहा वाजता डॉक्टर. त्याला काहीही सांगा, पण न्या. पुडकं माझ्या हातात दिलं आणि बसमध्ये चढला. चढताना उजवीकडच्या दांड्यावर खांदा आपटला.

२३ ऑगस्ट

शिगे औषध घालत नाही. बाटली तेवढीच आहे.

देगुची आला होता. मिशिमाच्या शिक्षकाचं सांगत होता, त्याला सगळं कळलं तरी तक्रार करणार नाही म्हणाला. बोटीसाठी दुसरा कप्तान मिळेपर्यंत संघ आठवड्यातून दोन दिवस माणूस देईल. शिगे आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. देगुची जाताना माझ्याकडे बघून गेला. हा माणूस मला आवडत नसे. आता त्याच्या तोंडाकडे बघायला मला जड जातं, ते वेगळं.

गावात बोलतायत की नुमाझूच्या माणसाने कप्तानाचा घात केला. आज भाजीवाली म्हणाली, बाहेरच्यावर विश्वास ठेवायचाच नाही. मी मुळा घेतला आणि आले. तिथे एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. मी, जी सगळ्यांना तोंडावर बोलते.

२६ ऑगस्ट

लांब कुठे तरी वादळ आहे. इथे वारा नाही, तरी खडकांवर मोठ्या लाटा येतायत. संघाच्या माणसाने बोट धक्क्याला बांधली आणि शिगेने आवाजावरून सांगितलं, मागचा दोर सैल आहे. खरंच सैल होता. संघाचा माणूस चकित. शिगे जरा हसला. पंधरवड्यात पहिल्यांदा.

मग घरी येताना गटाराच्या झाकणाला अडखळून पडला. डाव्या बाजूचं झाकण. मी उचलायला गेले तर हात झटकला. म्हणाला, बघितलंस, आता मला असंच उचलतील सगळे.

तेरवा एकोणतीस.

२७ ऑगस्ट

सकाळी सांगितलं.

भात वाढला, शेजारी खारवलेली उमेबोशी ठेवली, समोर बसले. म्हटलं, पंधरा तारखेला संघाच्या बोटीत मी होते. देगुचीला मी सांगितलं. मला वाटलं तुम्ही दोघं आवाबी चोरताय. मी तुझ्या डावीकडे दहा हातांवर बसले होते, तुला दिसले नाही. मुकाईला दिसले. तो बोलला नाही.

एका श्वासात बोलले. बुडी मारून वर येताना उरलेली हवा सोडतात तशी.

शिगे जेवायचं थांबला. मग पुन्हा जेवायला लागला. वाडगा संपवला. मी वाट बघत होते की आता उठेल, आता ताट फेकेल. त्याचा बाप फेकायचा. त्याने जेवणाच्या काड्या आडव्या ठेवल्या, नीट शेजारी शेजारी.

म्हणाला, "आवाबी?"

मी म्हटलं हो.

"मला पोहता तरी येतं का बुडी मारायला?"

मी म्हटलं ते सुचलं नाही. त्याच्या तोंडातून एक आवाज आला, हसण्याचा की कसला ते माझ्या कानाला कळलं नाही. बाहेर लाटा.

मग तो उठला, हाताने भिंत चाचपत टेलिफोनपर्यंत गेला आणि गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही उघडली. नाकाजवळ धरली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. माझ्यापुढे धरली.

"मुकाईला लाव," म्हणाला. "मला दिसत नाही."

मी नंबर फिरवला.